घरची अर्धी वीट

दिवाणावर जुनी चादर पसरून मी कॅमेऱ्याची बॅग पालथी केली, तेव्हा नात दारातूनच म्हणाली, "आजी, इतना सामान? दुकान टाकून राहिली का?"

बॅग आमच्या ह्यांची. त्यांना जाऊन दोन हिवाळे झाले. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा फुल फ्रेम कॅमेरा घेतला आणि मग सगळ्या सुट्ट्या नर्मदेच्या काठी उकिडवं बसून काढल्या. त्यांना एकच फोटो हवा होता: लम्हेटा घाटापाशी नदी वळते तिथला, थंडीतल्या पहाटेचा, पाण्यावर धुकं, आणि माणूस कुठेच नाही. तो त्यांना कधी मिळाला नाही, कारण प्रत्येक फोटोत मी आहे. साठी ओलांडलेली बाई, कोसा सिल्क नेसून, एक हात कमरेवर, जशी काही नदी हिनंच आत्ता सोडली आहे. "बिनमाणसाचे फोटो कॅलेंडरवाले काढतातच की," असं ती बाई वर ऐकवायची. ते थोडी डावीकडे सरक, एवढंच सांगायचे.

तो रिकामा फोटो आता मला काढायचा होता. होळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि त्यानंतर घाटाच्या पायऱ्या कधी उतरता येतील ते डॉक्टरही नीट सांगत नाहीत. थंडी संपत आली होती. कॅमेरा चालवायला ह्यांनीच शिकवला होता, शेवटच्या आजारपणात, पलंगावरून. मी खिडकीतून अंगणातल्या पेरूचे फोटो काढायची आणि ते निकाल द्यायचे. पेरूच्या झाडाचे इतके फोटो जबलपुरात कुणाकडे नसतील.

नातीचं म्हणणं, मोबाइल से खींच लो ना. मी म्हटलं, मोबाइल सगळ्यांनाच सुंदर करतो, त्याचं काय खरं मानायचं. मग एक नियम केला. जे माझ्या खांद्यावर घेऊन मला पायऱ्या उतरता येतील तेवढंच न्यायचं.

स्टँड तर हवाच. हा कॅमेरा जुना; कमी उजेडात घाई केली की फोटोत रवाच रवा दिसतो. त्याला निवांत उभं करून हळूहळू बघू द्यावं लागतं. स्वभावानं ह्यांच्यावरच गेला आहे. बटण दाबायची वायर घेतली, कारण माझं बोट थरथरतं आणि बोटाबरोबर नदीही थरथरते. बॅटऱ्या दोन घेतल्या. म्हाताऱ्या आहेत, थंडीत गळाठतात. धुक्यात भिंग ओलं होतं म्हणून जुन्या सुती पातळाचा धुतलेला तुकडा. लांबचं दाखवणारी जड लेन्स कपाटात परत गेली. मला लांबचं काही बघायचं नव्हतं.

घोळ झाला तो लेन्सपुढे लावायच्या काचांचा. एक काच वरच्या अर्ध्या भागात काळसर, ती आभाळाचा लखलखाट आवरते, ती ठेवली. दुसरी लेन्सवर बसवून फिरवायची, पाण्यावरची चमक मारणारी. तिची परीक्षा मी अंगणात घेतली. परातीत पाणी भरलं, त्यात पेरूचं झाड दिसत होतं. काच फिरवली तर झाड गेलं आणि परातीचे ओरखडे दिसायला लागले. पाण्याच्या तळाशी माझं काय काम? ती राहिली घरी.

शेवटी चादरीवर उरली अर्धी वीट. माझ्या जुन्या परकराच्या कापडाची नाडीची पिशवी, आणि तिच्यात वीट. वारा सुटला की ते ही पिशवी स्टँडच्या मधल्या हुकाला टांगायचे, म्हणजे स्टँड हलत नाही. ह्या विटेवरून मी त्यांना आयुष्यभर छळलं. नदीवर दगडांना काय तोटा? नर्मदेला दगड न्यायचे म्हणजे नागपूरला संत्री न्यायची. ते हसून "असू दे" म्हणायचे आणि वीट खांद्याला लावायचे. मी ती सरळ काढून तुळशीजवळ ठेवली.

पहाटे नातीनं स्कूटरवर लम्हेट्याला सोडलं आणि ती वर चहावाल्याच्या शेगडीशी बसली. मी एकेका पायरीला नमस्कार करत उतरले. धुकं होतं. वळण होतं. माणूस नव्हतं. स्टँड उभा केला, काच लावली, वायर हातात घेतली, आणि वारा सुटला. स्टँड लटलटायला लागला.

त्यात काय, म्हणून मी वाकून एक दगड उचलला. काळा, गोल, ओला. आणि हात तिथेच थांबला.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. वर्ध्याकडून आलेली मी, जबलपूरचं एवढंच शिकले होते की नर्मदेचा हर कंकर शंकर, इथला गोटा न् गोटा देव. शेजारणीनं सांगितलं होतं, आणि धर्मात नव्यानं आलेल्या माणसाहूनही जास्त नेम मी पाळत होते. ह्याच काठावर पुरीभाजी घेऊन आलो होतो. सतरंजी उडू नये म्हणून ह्यांनी तिच्या कोपऱ्यांवर नदीतले दगड ठेवले, शेजारी आमच्या चपला. मी असा आरडाओरडा केला की घाटावरच्या बाया बघायला लागल्या. एकेक दगड त्यांच्याकडून पाण्यात परत ठेववला, नमस्कारासकट.

"मग सतरंजी धरून कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"घरून वीट आणा," मी म्हटलं.

म्हटलं आणि विसरले. पुढे धर्माचा तो ताप उतरला, नेमही गेले, मी त्याच दगडावर टाच घासायला लागले. त्यांनी मात्र वीट आणली ती आणलीच. सतरंजीसाठी आणली, मग कॅमेऱ्यासाठी. मी हसत राहिले आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही, अगं, तूच सांगितलं होतंस.

मी दगड पाण्यात ठेवला. हुकाला बॅग टांगली, तिच्यात थर्मास, पोह्यांचा डबा, शाल; तरी ती झोके घेत होती. शेवटी एका हातानं बॅगेचा पट्टा खाली ओढून धरला आणि दुसऱ्या हातानं वायर दाबली. कॅमेरा आपल्या चालीनं बघत राहिला.

पडद्यावर फोटो आला. धुकं, वळण, पाण्यात पलीकडचे खडक. कुणी नाही. मी डावीकडे वळून म्हटलं, "अहो, बघा."

नात उतरून आली होती. "आजी, किससे बात कर रही हो?" मग तिनंच पडदा मोठा करून पाहिला. "अच्छा है. पण जरा हिल गया."

हललाच होता. खडकांच्या कडा दुहेरी दिसत होत्या. नात मला समजवायला लागली, तर मला मनातून बरंच वाटत होतं. म्हणजे परत यायला हवं, धुकं आहे तोवर.

घरी आल्यावर आधी तुळशीजवळची वीट उचलली. पिशवीतून काढून पाहिली. इतकी वर्षं बॅगेत घासून तिचे कोपरे झिजलेत. हातात घेतली तर नदीतल्या गोट्यासारखी लागते. बॅगेत पहिली तीच गेली. जड झाली बॅग, म्हणून थर्मास काढला.