मातीच्या घरातला फ्रीज

तिसगावच्या अलीकडे, पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या बाईला संशय घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. रेशनचा गहू दळायला आणणारा माणूस चारचाकीतून उतरतो, तेव्हा मी जात्यात दाणे सोडता सोडता आधी त्याच्या बुटांकडे बघते. आमचे हे म्हणायचे, तुला देव भेटला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागीन की. का मागू नये?

गिरणीसमोर एक विधवा बाई राहते. माझ्यापेक्षा बरीच लहान. दिवाळी झाली की भावाबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जाते, कधी राहुरीकडे, कधी कोल्हारकडे, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतते. घर म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर दगड ठेवलेले पत्रे. दर वर्षी ती परत येते तेव्हा एखादी तरी भिंत खचलेली असते. मग भर उन्हात माती कालवून ती भिंत उभी करायची, तोवर पुन्हा कोयता उचलायची वेळ. त्या वर्षी मागची भिंत अर्धी बसली होती आणि घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं होतं. पावसाळ्याआधी मंजुरी मिळाली तर ठीक, नाहीतर ती भिंत काही टिकणार नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तालुक्याचा माणूस पाहणीला येणार, घराघराचे मोबाईलवर फोटो काढणार, अशी बातमी आली आणि दोन दिवसांत आमचं गाव गरीब झालं. तेव्हा घरात फ्रीज दिसला की नाव कटायचं. दारातल्या मोटारसायकली मळ्यात गेल्या. एकाने नव्या फरशीवर चक्क शेणाचा सडा घातला, त्याची बायको आठवडाभर फरशी खरवडत होती. चांगली गुटगुटीत माणसं खोकायला लागली. मी गिरणीच्या दारात बसून सगळं बघत होते. माझं घर पक्कं, मला घरकुल नको होतं, त्यामुळे बघायला मोकळी होते.

समोरच्या बाईचं मात्र उलटंच चाललं होतं. तिने भिंती सारवल्या, उंबऱ्याला गेरू लावला, दारात रांगोळी काढली आणि माझ्याकडे खुर्च्या मागायला आली.

"आगं, गरीब दिसायचं सोडून हे काय मांडलंस?" मी विचारलं.

"सायब घरात यायचा, आक्का. पाव्हन्याला काय भुईवर बसवू? गल्लीत कपबश्या बी मागितल्यात."

मी दोन खुर्च्या दिल्या. द्यायच्या आधी त्यांच्या तळाला नेलपॉलिशचा ठिपका लावला. खुर्ची गेली की बदलून येते, हा माझा अनुभव आहे.

दुपारी बघते तर काय, तिची चुलतजाऊ डोक्यावर पदर घेऊन पुढे आणि मागे दोन गडी फ्रीज उचलून चाललेत. सरळ समोरच्या मातीच्या घरात. त्यांच्यामागे कोपऱ्यावरची बाई टीव्ही घेऊन. तिसरी मिक्सर घेऊन आली. या तिघी म्हणजे कशा, तर विरजणाला चमचाभर दही मागितलं तरी म्हैस आटली म्हणून सांगणाऱ्या. त्यांना एकदम एवढा उमाळा कुठून आला? माझ्या मनात पाल चुकचुकली. मग डोक्यात प्रकाश पडला. तिघींचीही नावं यादीत होती. तिघींना आपापलं घर रिकामं करायचं होतं, आणि ठेवायला ही साधी जागा सापडली होती.

संध्याकाळी मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "फ्रीज तुझ्या घरात दिसला तर तुझं नाव जाईल. त्या तुझ्यावर माया करत न्हाईत, सामान लपवतात."

ती हसली. "पाव्हना येनार तर घर भरलेलं बरं दिसतं म्हनल्या. आन इचारलंच तर जिचं ती सांगंल की. घरच्याच हायेत."

मला तिचा राग आला. एवढा विश्वास माणसाने ठेवूच नये. पण लगेच दुसरा संशयही आला, की ही दिसते तेवढी भोळी आहे का? कारखान्यावर मुकादमाशी दर वर्षी भांडून उचल घेणारी बाई आहे ही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. बिचारा तरुण होता, घामाने निथळलेला. सकाळपासून रिकाम्या घरांचे फोटो काढून त्याचाही कशावर विश्वास उरला नव्हता. तो माझ्या खुर्चीवर बसला, तिने दिलेला चहा प्यायला, आणि मान वळवून त्याने फ्रीज पाहिला. मग टीव्ही. मग मिक्सर.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं.

दारात अर्धी गल्ली गोळा झाली होती. मी पुढे झाले आणि खुर्ची उलटी करून ठिपका दाखवला. "खुर्च्या माझ्या. बाकीचंही हिचं नाही."

"मग कुणाचं, ते सांगा." तो वैतागला होता. "मोटारसायकल पाहुण्याची, ट्रॅक्टर मेव्हण्याचा, सकाळपासून हेच ऐकतोय मी."

मी त्या तिघींकडे बघितलं. माझं तोंड उघडणारच होतं, पण साहेबाच्या मागून जाऊबाईच्या नवऱ्याने डोळे वटारले. माझ्या गिरणीची विजेची लाईन त्याच्याच शेतातून येते. मी म्हटलं, त्यांनी स्वतःच सांगावं. जाऊबाई पदराने तोंड पुसत राहिली. कोपऱ्यावरची बाई पत्र्याकडे बघत होती, जणू टीव्ही वरूनच पडला असावा. मिक्सरवाली तर निघायलाच लागली.

समोरच्या बाईने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सावकाश, प्रत्येकीला वेळ देत. मग साहेबाला म्हणाली, "माझंच हाय समदं."

"फ्रीज तुमचा?"

"व्हय. काढा फोटो."

त्याने तिला फ्रीजशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. ती पदर सारखा करून उभी राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अशी कशी गं तू, असं मी सगळ्यांसमोर ओरडले, पण तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दिवस मावळायला जाऊबाई दोन गडी घेऊन फ्रीज न्यायला आली. समोरची बाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. उठली नाही.

"सरक की, फ्रीज काढायचाय."

"कुनाचा?"

"कुनाचा म्हंजी? माझा!"

"मग दुपारी का न्हाई बोलल्या, जाऊबाई? सायबानं फोटो काढलाय. माझ्या घरातला, माझ्याशेजारचा. आता ग्रामसभा हाय ना, तिथं हुबं राहून सांगा, फ्रीज माझा. मग मी सवता उचलू लागते."

टीव्हीवाली आणि मिक्सरवालीलाही तेच उत्तर मिळालं. गल्लीत दोन दिवस आरडाओरडा झाला. भावकीतले म्हातारे समजवायला आले. ती तांदूळ निवडत राहिली. मी गिरणी बंद ठेवून ऐकत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

ग्रामसभेत यादी वाचली. तिच्या नावापुढे, घरात फ्रीज असल्याने अपात्र. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. ती वळून त्या तिघींकडे बघत बसली. मी उठले आणि लाईनबिईन विसरून म्हणाले, फ्रीज हिचा नाही, जाऊबाईचा आहे. जाऊबाईचा नवरा हसून म्हणाला, "आमच्या घराचा फोटो बघा की. हाय का फ्रीज?" फोटोत खरंच नव्हता. तिघी मूग गिळून बसल्या. तिघींची घरकुलं मंजूर झाली, आणि माझी लाईन पुढच्याच महिन्यात दोनदा तुटली.

पावसाळ्यात तिची मागची भिंत पूर्ण बसली. तिने तिथे कारखान्यावरचा प्लास्टिकचा कागद ताणला. फ्रीज तिने कधी लावलाच नाही, एका बल्बपुरती तर वीज. त्यात ती पीठ ठेवते. माझ्याकडून दळण नेते ते थेट फ्रीजमध्ये. उंदीर लागत नाहीत म्हणे. जाऊबाईच्या स्लॅबच्या घरात अजून फ्रीज आलेला नाही. नवा आणला तर लोक विचारतील ना, जुन्याचं काय झालं?

दिवाळीनंतर ती तोडीला निघाली तेव्हा किल्ली द्यायला माझ्याकडे आली. बाहेर ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता. महिनोन् महिने पोटात ठेवलेला प्रश्न मी शेवटी विचारला. "खरं सांग, तुला आधीपासून ठाऊक होतं ना? त्या गप बसणार, अन सामान तुझ्याकडंच राहणार?"

ती कोयता पोत्यात गुंडाळत होती.

"मी कपबश्या मागितल्या हुत्या, आक्का. फ्रीज म्या मागितलाच नव्हता." तिने पोत्याला गाठ मारली आणि ते खांद्यावर घेतलं. "घर मागितलं हुतं."