वहिनीच्या सुरीवरची रेघ

भाच्यांचं बघून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. तीस वर्षं ती ऑपरेशनच्या कात्र्या-चिमट्यांच्या कारखान्यात पॉलिशला होती. तिच्या हातून ओरखडा सुटला, असं तिच्यावर खार खाणाऱ्यांनीही कधी म्हटलं नव्हतं. आणि आज एका भाजीच्या सुरीने तिच्या नाकी नऊ आणले होते.

सुरी वहिनीची. वहिनी महिनाभर लेकीकडे राहून चार वाजता परत येणार होती. तोवर मुठीजवळची ती मेली आडवी रेघ घालवायचीच, असं आत्याने ठरवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी घट्ट बसलेलं डब्याचं झाकण उचकटताना ती रेघ तिनेच पाडली होती आणि वर कानांवर हात ठेवले होते. तेव्हापासून कांदा चिरायला घेतला की वहिनीचं सुरू, "कुणाचा पराक्रम आहे कोण जाणे!" म्हणायची कोण जाणे, आणि बघायची आत्याकडे.

सकाळी आठलाच आत्याने पातं फळीवर घट्ट बसवलं, धारेवर चिकटपट्टी लावली आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळला. खरखरीत पेपर आडवा, त्याहून बारीक उभा, पुढचा परत आडवा. आधीच्या रेघा पार गेल्याशिवाय पुढचा पेपर उचलायचा नाही, हे तिने कारखान्यात शंभर जणींना रागावून शिकवलं होतं. आज मात्र घड्याळाकडे बघत तिने उभा हात उरकता घेतला. जुनी रेघ आडव्या रेघांत लपून बसली आणि शेवटी पॉलिश चढल्यावर दात विचकून वर आली.

"झाली की लख्ख. कोण बघतंय?" थोरला भाऊ खुर्चीतून म्हणाला.

"तुझीच बायको बघतेय, दादा! तू बोलू नकोस."

एका रेघेपायी सगळं पातं पुन्हा पहिल्यापासून. बोटं सोलवटली, मान धरली. स्वतःला, डब्याला, झाकणाला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. साडेतीनला रेघ गेली.

वहिनी आली, पाणी प्यायली आणि सवयीने भाजीला बसली. सुरी हातात घेताच तिने मुठीजवळ अंगठा फिरवला.

"रेघ कुठे गेली?"

"वहिनी, ती मीच पाडली होती," आत्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं. झाकणावरही खूण होती." वहिनीने सुरी खाली ठेवली. "पण घालवलीस कशाला? मी टोमणा मारला की तू मुकाट्याने येऊन माझ्याजवळ भाजी निवडायला बसायचीस. आता कशाला बसशील?"

आत्याचा संताप संताप झाला. सबंध दिवस घासून घासून बोटांची सालं निघाली, आणि ही बाई आत्ता सांगतेय!

"तोंडाने बस म्हणायला काय झालं होतं गं तुला?" ती ओरडली. मग तिने पाय आपटत पाट ओढला आणि वहिनीला खेटून बसली.

"आण ती टोपली इकडे."