आधी टर्मिनल बघ

आमच्या येलदरीचे जीपवाले मामा कुणाला ‘कसा आहेस’ म्हणून विचारत नसत. दारात गाडी थांबली, की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा हुकूम यायचा, “बॉनेट खोल.” मग बॅटरीला वायरी जिथे आवळलेल्या असतात ती दोन्ही टर्मिनलं ते हाताने हलवून बघत. ती घट्ट निघाली तरच पुढच्या गप्पा.

मामांची जीप येलदरी-जिंतूर चालायची. सेल्फ रडत रडत फिरला आणि हेडलाइट मंद झाला, की ते ऐकूनच सांगत, “बॅटरी थकली हाय.” पण चावीला नुसतं ‘टक्’ वाजलं आणि दिवा गपकन गेला, तर त्यांचा चेहरा उतरायचा. “बॅटरीला लगेच शिव्या देऊ नको. आधी टर्मिनल बघ,” हे ते अगदी हळू म्हणत.

मामींना साप चावला तेव्हा भर दुपार होती. माणसं सगळी शेतात, धक्का मारायला कुणी नाही. मामींना जीपमध्ये बसवून मामांनी चावी फिरवली. टक्. बॅटरी जुनीच होती. ती मेली असं समजून ते पलीकडच्या वस्तीवर ट्रॅक्टरची बॅटरी आणायला पळाले. डोक्यावर घेऊन आले. जुनी काढायला हात घातला, तर टर्मिनल बोटांनीच फिरलं. खाली पांढरी भुकटी धरली होती. पुसून आवळलं, आणि त्याच जुन्या बॅटरीवर जीप पहिल्या चावीला सुरू झाली. जिंतूर यायच्या आत मामी गेल्या.

माझ्या बहिणीच्या पाठवणीला सगळे रडत होते आणि मामा नवरदेवाच्या गाडीवरच्या फुलांच्या माळा सोडत होते. आमची आत्या भडकली, “लगीन हाय का गॅरेज?” मामांनी बॉनेट उघडून हात लावला, बंद केलं, माळा जशाच्या तशा बांधल्या. मग बाजूला जाऊन एकटेच रडले.

मला कधीकधी त्यांची भीतीच वाटायची. एकदा न राहवून मी म्हणालो, “मामा, विष लय होतं. लवकर पोचूनही मामी वाचल्या नसत्या.”

“आसंल,” मामा म्हणाले. “पर ती एकलीच गाडीत बसून माझी वाट बघायली व्हती.”



गेल्या वर्षी मामांना परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिथून ते परत आले नाहीत. त्या सकाळी त्यांना मागच्या सीटवर बसवून मी सवयीने बॉनेटकडे वळलो.

“ऱ्हाऊ दे,” ते आतून म्हणाले. “माझ्यासाठी कशाला? मार चावी.”

गाडी लगेच सुरू झाली. आरशात पाहिलं, तर मामा शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून, कुणाची तरी समजूत काढावी तसं सांगत होते, “चालू झाली गं. चालू झाली.”