गिरणीसाठी खांब बघायला: सरावली ते वेवजी

लोक डहाणूला समुद्र बघायला येतात. मी घोलवडहून निघाले ती विजेचे खांब बघायला. माझ्या लेकीला, कमलला, पीठगिरणी टाकायची आहे. मनात धरलेले गाळे दोन. एक सरावलीत, शेअरवाल्या खाजगी कंपनीच्या लाईनवर. दुसरा वेवजीत, शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या लाईनवर. तिचे गुडघे चालत नाहीत, माझी जीभ चालते. म्हणून मीच गेले.

सरावलीचे खांब म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ. रेघेत आलेलं एकेक झाड बुडापासून छाटलेलं. ऑफिसात थंडगार हवा. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "सकाळी लाईट राहील ना गं?"

"आजी, तक्रार असेल तर या नंबरवर फोन करा."

"तक्रार नाही बाई, आधीच विचारतेय."

"त्यालाही हाच नंबर."

लावला. एक दाबा, दोन दाबा. बाहेर येऊन अख्खा वडापाव खाल्ला, तरी पलीकडे गाणंच चालू. साहेब म्हणे मुंबईला. मालक? ज्यांनी शेअर घेतले ते. म्हणजे शोधा आता देशभर!

पुढे तलासरीपर्यंत एसटी आणि तिथून वेवजीला रिक्षा. रिक्षा भरल्यावरच सुटते, आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकला की भरली समजायची. पाणी जवळ ठेवा.

वेवजीची लाईन बघून हसूच आलं. ताडाला वळसा, आंब्याला वळसा, कुणाच्या गोठ्यालाही वळसा. प्रत्येक सभासदाने आपापलं झाड वाचवलेलं, त्यामुळे तार ताडी पिऊन घरी निघाल्यासारखी. लायनमन कुठे विचारलं, तर हळदीला गेलेला. सभा मात्र आंब्याखाली भरली होती.

चेअरमन म्हणाले, "आजी, गिरणी दुपारी चालवा. सकाळची लाईट पंपांना."

"दुपारी बाया मजुरीला जातात. दळण कोण आणेल, तुमचा पंप?"

मागून चिकूच्या वाडीत राबणारी लक्ष्मी उठली. "मी पण मेंबर हाय. तलासरीपर्यंत दळणाचा डबा माझ्या डोक्यावर असतो, चेअरमनच्या नाय."

"अगं, पण भाताला पाणी?"

"दोन तासांत भात मरत नाय. पोरं उपाशी कामाला जातात."

मग जे भांडण लागलं, त्यात चहा दोनदा झाला. शेवटी वहीत लिहिलं: सहा ते आठ गिरणी, नंतर पंप. वर अट, पावसाआधी खांबांवरच्या वेली तोडायला घरटी एक माणूस द्यायचा.

"लेकीचे गुडघे दुखतात," मी म्हटलं.

"मग कोयता घेऊन तुम्ही या," चेअरमनने उट्टं काढलं.

घरी आल्यावर कमलने विचारलं, "आई, चांगली लाईन कुठली?"

"चांगली एकही नाही. लाईट सरावलीत जास्त टिकेल, हे खरं. पण गेली तर ओरडशील कोणावर? गिरणी वेवजीतच टाक. लायनमनचं घर शाळेमागे, चेअरमनचं विहिरीपाशी. चेअरमनच्या दारात कुत्रा आहे, काठी घेऊन जा."