सुकन्यानं मागितलेला पगार

आमच्या ऑफिसात एआयचं नाव निघालं की सगळे इकडंतिकडं बघायचे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. माल बराचसा परदेशी जातो. तिकडच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहायचं काम सुकन्याकडं, आणि माल पाठवायची कागदपत्रं माझ्याकडं. सेल्समधला दिग्विजय टेबलाखाली मोबाइल धरून एआयकडून मजकूर लिहून घ्यायचा आणि स्वतःचा म्हणून मालकांना दाखवायचा. मला तर धास्तीच होती. एवढी वर्षं केलेलं काम हे यंत्र गिळून टाकणार, असं वाटायचं.

सुकन्या मूळची सांगोल्याकडची. वडील मेंढरं राखायचे. ते गेल्यावर ती आई तानाबाईंना घेऊन शुक्रवार पेठेत भाड्यानं राहू लागली. मालक शंकरप्पांनी एआयचा विषय काढला त्या मीटिंगमध्ये तिनं सरळ सांगितलं, "कच्चा मजकूर मी त्याच्याकडून घेते. मग वाचून, दुरुस्त करून पाठवते."

मालक हसले. "मग पगार तुला देऊ का त्याला?"

"चुकल्यावर ज्याला बोलाल, त्याला द्या," ती म्हणाली.

ती वेळ लवकरच आली. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, टॉवेलचा कापूस सेंद्रिय आहे का. आमचा कापूस साधाच, तरी एआयनं 'हो' ठोकून दिलं. घाईत ते सुकन्याच्या नजरेतून सुटलं आणि मेल गेला. दुसऱ्या दिवशी तिला ते दिसलं. बाकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तरी ती उठून मालकांच्या केबिनमध्ये गेली. "लिहिलं त्यानं, पण पाठवलं मी. चूक माझी."

मालक लई चिडले. तिनं तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावून खरं ते सांगितलं. ऑर्डर निम्म्यावर आली. बरेच दिवस मालक तिच्याशी धड बोलत नव्हते. पुढच्या हंगामात मात्र त्याच गिऱ्हाइकानं पुन्हा माल मागवला, आणि सगळा व्यवहार सुकन्यामार्फतच हवा, असं कळवलं.

नंतर पुण्याहून उत्कर्षा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या कंपन्यांना माणसं शोधून द्यायच्या. एका कंपनीचे इंग्रजी मेल लिहायचं काम होतं, तेही घरी बसून. पगाराचं बोलायचं ठरलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुकन्या मला जिन्यात घेऊन गेली. "नीलम्माअक्का, नुसत्या शेजारी बसा. मला धीर येतो," म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सध्या पगार किती आहे?" बाईंनी विचारलं.

"तो इथल्या कामाचा आहे. तुमच्या कामाचे मी किती घेईन, ते सांगते." तिनं आकडा सांगितला. इथल्या पगाराच्या दुप्पट होता.

"सोलापुरात राहून एवढा? शिवाय तुम्ही एआय वापरता. काम निम्म्या वेळात होतं."

"मग काम निम्मंच द्याल का?"

बाई हसल्या. "नाही हो, उलट दोन माणसांचं काम आहे."

"मग आकडा बरोबर आहे की."

आवाज ठाम होता, पण माझा हात तिनं घट्ट धरला होता. आधीच्या कामात काही चुकलंय का, असं बाईंनी विचारलं. मी खुणेनं नको नको म्हणत असताना तिनं जर्मनीची सगळी हकीकत सांगून टाकली.

त्यांनी बराच कमी पगार देऊ केला. तिनं नम्रपणे नकार दिला. त्यानंतर बाईंचा फोन येणंच बंद झालं.

तानाबाई घाबरल्या. "लई ताणू नगंस गं. तुटंल की."

"भीती वाटत नाही का तुला?" मीही विचारलं.

"वाटते की, अक्का. पण आता कमी घेतलं, तर रोज काम करताना मन खाईल."

ती आपणहून फोन करायला गेली नाही. रोज यायची, मेल लिहायची, डबा खायची. शेवटी उत्कर्षाबाईंचाच फोन आला. पगार तिच्या आकड्यापेक्षा थोडाच कमी. ती हो म्हणाली, आणि फोन ठेवून पायरीवर बसून रडली.

जाण्याआधी रोज संध्याकाळी तिनं मला एआय शिकवलं. काय विचारायचं, उत्तर कसं तपासायचं, कुठं अजिबात विश्वास ठेवायचा नाही, सगळं. दिवाळीआधी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन आयुष्यात पहिल्यांदा पगारवाढ मागितली. मागितली तेवढी मिळाली नाही, पण मिळाली.

मी तिला फोन केला, तर पलीकडं ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की तानाबाई घाबरून विचारत होत्या, "काय झालं गं? कोन हाय?"

"नीलम्माअक्का हायत, आई! पगार वाढवून घेतला त्यांनी!"