पहिल्या चहाआधीचं वाक्य

नाशिकच्या ज्या सरकारी कचेरीत माझी निम्मी नोकरी गेली, तिथे जमिनीचे नकाशे काढायचं काम चाले. आमच्यात एकच मुसलमान होते, मूळचे मालेगावचे. हात इतका स्थिर, की शाईची रेघ एकदा ओढली की पुन्हा खोडायची वेळ यायची नाही. मी त्यांचा साहेब, आणि वयाने दहा वर्षांनी लहान.

देशात कुठे बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशी ते पंधरा मिनिटं लवकर यायचे. हातातला डबा खाली ठेवायच्या आधी माझ्या टेबलापाशी उभे राहून म्हणायचे, "साहेब, लय वाईट झालं. असल्यांना चौकात फाशी द्यायला पाहिजे." मी मान हलवायचो, मग चहा यायचा. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण चहावाल्यालाही तो ठाऊक होता. "चोराच्या मनात चांदणं," हेडक्लार्क मागून पुटपुटायचे आणि आम्ही हसायचो. बाकी कुणी निषेध केला की नाही, हे कधी कुणी विचारलं नाही. मी स्वतः तर एकदाही केला नाही. माझ्याकडून तो कुणाला हवाच नव्हता.

एका संध्याकाळी दूरच्या एका शहरात, भर बाजारात स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी. साडेदहा वाजले, अकरा वाजले. चहा आला, पण कुणी कप उचलेना.

"आजच बरे आले नाहीत," हेडक्लार्क म्हणाले. "बघा साहेब."

सांगायला लाज वाटते, पण शंका माझ्याही मनात आली. ज्या माणसाने माझ्या मुलीला शाळेचे नकाशे रंगवून दिले, तिला पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं, त्याच्याबद्दल. मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"कुठे आहात?"

पलीकडे बायकांच्या रडण्याचा आवाज होता. मला वाटलं, टीव्ही चालू असेल. ते म्हणाले, "साहेब, लय वाईट झालं. असल्यांना चौकात फाशी द्यायला पाहिजे."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. सगळ्यांनी कप उचलले.

चार दिवसांनी ते रजेचा अर्ज घेऊन आले. कारण लिहिलं होतं, घरगुती. असं मोघम चालत नाही, नीट लिहा, मी साहेबी थाटात म्हणालो. माझ्याच टेबलावर वाकून त्यांनी लिहिलं, धाकट्या बहिणीचे निधन.

"त्या बाजारात होती," ते म्हणाले. "लेकीला चपला घ्यायला गेली होती."

मृतांचा आकडा मी पेपरात वाचला होता. त्यांच्यातलंही कुणी त्यात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मरणारे आपले आणि मारणारे त्यांचे, असा हिशेब मी कधीचा मनाशी करून बसलो होतो.

"मग फोनवर सांगितलं का नाही?"

"तुम्ही ते विचारायला फोन केला नव्हता, साहेब."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी अर्जावर सही केली.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. ते रडणं मात्र माझा पिच्छा सोडत नाही. तसली बातमी लागली की मी टीव्हीचा आवाज बंद करतो, तरी ते ऐकू येतं. बायको म्हणते, कानाच्या डॉक्टरला दाखवा.

मध्यंतरी पुन्हा तशीच बातमी आली. या वेळी तरी जे विचारायचं ते आधी विचारू, असं ठरवून मी सकाळीच त्यांना फोन लावला.

"घरचे सगळे बरे आहेत ना? सुखरूप आहेत ना?"

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ते उभे राहिले होते.

"साहेब," ते म्हणाले, "लय वाईट झालं. असल्यांना चौकात फाशी द्यायला पाहिजे."