पिळ्या मिस्त्रीचे हात

गॅरेजवर बोर्ड होता, पण बोर्डावरचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला पिळ्या मिस्त्रीच म्हणत. गाडी कशाहीसाठी येऊ दे, काम उरकलं की हा पाना घेऊन गाडीभोवती एक फेरी मारणार आणि दिसेल तो ढिला नट पिळणार. न सांगता, न विचारता, फुकट. बायको म्हणायची, "अहो, सांगितलं तेवढंच करा की. लोकाच्या गाडीत कशाला नाक खुपसता?"

"ढिला दिसला तर सोडून कसा देऊ?"

या फेरीपायीच त्याची मान अडकली होती. कुठल्याही गाडीबद्दल "मी हात लावला नव्हता" असं छाती ठोकून म्हणायची सोयच त्याला उरली नव्हती. आणि गिऱ्हाइकांना हे पक्कं ठाऊक होतं. आरसा बसवून नेलेला माणूस महिन्यानं टायर घेऊन यायचा. "मिस्त्री, तुम्ही आरसा बसवलात ना, तेव्हापासून हवा टिकेना." शिवणकामवाली बाई तर गाडी आणायचीच नाही. फोन करून तो इंजिनवर धरायची.

"ऐकलं? काय झालंय?"

"खर्रर्र ऐकू येतंय, ताई. आणून दाखवा."

"आणायचीच तर मग तुम्ही कसले मिस्त्री?"

तो होला हो करायचा, फोन ठेवायचा आणि हातातला पाना उगाच फडक्यानं पुसत बसायचा. पंधरा वर्षांत एक रविवार धड घरी गेला नव्हता. जेवायला बसला की दारात हॉर्न. बायकोनं ताटावर ताट झाकून ठेवायची सवयच लावून घेतली होती.

अशात दूध डेअरीच्या वर्कशॉपात एक जागा निघाली. मेहुणा तिथं कारकून. त्यानं शब्द टाकला. "दाजी, आठ ते पाच. रविवार सुट्टी. गाडीचा मालक डोक्याशी उभा राहत नाही, कारण मालक कोण हेच कुणाला माहीत नाही. सोमवारी अकराला तुमचा हात बघणार. उशीर केलात तर फाटकातूनच परत, आणि अशी जागा पुन्हा निघायची नाही."

ते ऐकून मिस्त्री दोन रात्री धड झोपला नाही. आपण इतके दिवस कोंडल्यासारखे होतो, हे त्याला दार दिसल्यावरच कळलं.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो शटर ओढत होता, तेवढ्यात दोन पोरांकडून मोटार ढकलून घेत हेडमास्तर आले. रिटायर झालेले. यांनीच त्याला चौथीत दोनदा बसवलं होतं.

"काय रे, वायपर बदललास आणि गिअरच पडत नाही!"

"सर, वायपरचा आणि गिअरचा काय संबंध?"

"ते मला काय विचारतोस? मिस्त्री तू का मी? खरं सांग, दुसऱ्या कशाला हात लावला होतास का?"

नाही म्हटलं असतं तर सुटला असता. शटर अर्धं खाली आलंच होतं.

"क्लचची केबल ढिली होती," तो म्हणाला. "थोडी ओढली."

"बघ! म्हणजे तूच ओढून तोडलीस."

"सर, ती आतून विरलीच होती. ओढली नसती तर त्याच दिवशी गेली असती. उलट दहा दिवस जास्त चालली."

"तुटणार हे तुला माहीत होतं आणि बोलला नाहीस? हे तर आणखी वाईट!"

चौथीतही याच माणसापुढं त्याचं बरोबर आलेलं गणित असंच चुकायचं. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि केबल बदलली. सर वर उभे राहून "घट्ट बसव, घट्ट," म्हणत होते. सायकल मारत तो डेअरीच्या फाटकात पोचला तेव्हा अकराला दोन मिनिटं होती आणि कफाला ग्रीसचा पट्टा लागला होता.

फोरमन जाड चष्म्याचा, कमी बोलणारा. त्यानं एक कार्ड पुढं केलं. "दुधाचा टेम्पो. डावा दिवा लागत नाही. कार्डावर आहे तेवढंच काम. कार्डाबाहेर हात लावायचा नाही."

"पण दुसरं काही दिसलं तर?"

"दिसू दे. इथं शेवटचा हात ज्याचा, त्याच्या नावावर गाडी. गेल्या वर्षी एकानं चांगुलपणानं रेडिएटरचं झाकण पिळलं. पुढच्या आठवड्यात इंजिन बसलं. त्याच्या नावावर."

दिव्याची वायर तुटलेली होती. मिस्त्रीनं ती जोडली, दिवा लावून दाखवला. उठताना नजर खाली गेली. ब्रेकचा पाइप चासीवर घासून पांढरा पडला होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळून.

"साहेब, ब्रेकचा पाइप घासतोय."

"कार्डावर आहे?"

"नाही."

"मग पंधरवड्याच्या तपासणीत निघेल." फोरमननं सही केली. "उद्या आठला या. हात चांगला आहे. मुख्य म्हणजे आवरता येतो."

लागली नोकरी. मेहुण्यानं खिडकीतून अंगठा दाखवला. टेम्पोवाला चढला, गाडी फाटकातून बाहेर पडली. मिस्त्री सायकल हातात धरून तिच्या मागून निघाला. पुढं उतार होता, आणि उतार संपतो तिथं शाळा.

"ओ भाऊ! थांबा, थांबा!"

टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढली. "काय राहिलं?"

"दोनच मिनिटं."

"कार्डावर आहे का? मला उशीर झाला तर बोलणी मला बसतात."

"बसू दे. गाडी बंद कर."

सायकलच्या पिशवीत जुन्या ट्यूबचा तुकडा आणि तार कायम असायची. इस्त्रीच्या शर्टानं तो रस्त्यावर उताणा झाला आणि टेम्पोखाली सरकला. पाइपाला ट्यूब गुंडाळली, तारेनं आवळली, आणि सवयीनं शेजारचा नटही पिळला. बाहेर सरकला तेव्हा डोक्याशी फोरमनचे बूट होते.

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाला.

फोरमननं वाकून पाइप पाहिला. बोटानं तार ओढून बघितली. काम चोख होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यानं खिशातून कार्ड काढलं आणि सहीवर आडवी रेघ मारली.

"आज हा ब्रेक कुठंही फसला तर मी कुणाचं नाव सांगू? अजून नोकरीवर न आलेल्या माणसाचं?"

घरी बायको दारातच उभी होती. शर्टाची पाठ बघितली आणि तिनं ओळखलं.

"नाही लागली?"

"लागली होती."

"होती म्हणजे?"

"फाटकापर्यंत."

तिनं शर्ट काढून घेतला, बादलीत टाकला आणि साबण फासत म्हणाली, "शिवणवाल्या बाईंचा दोनदा फोन येऊन गेला. इंजिनवर ठेवते, ऐका, म्हणत होत्या."

मिस्त्रीनं जुना शर्ट चढवला. बटणं लावता लावता त्यानं फोन कानाला लावला.

"हां, ताई. धरा."